बैल नसलेल्यांना बैलांचा साज विकताना

"हा गोंडा वॉशिंग मशीनमध्ये टाकला तर चालेल का?" असा प्रश्न एका बाईंनी ॲपवर विचारला होता. उत्तर मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी बोरीला गोंडे बनवणाऱ्या गंगाधरमामांना फोन लावला आणि तसंच्या तसं विचारलं. मामा म्हणाले, "ताई, बैलाला मशीनमधी कामून घालायलेत ते?"

"बैल नाही हो मामा, नुसता गोंडा."

"मंग गोंडा काढला कामून? पोळ्याला शिंगाला बांधला की तुटून पडंस्तोर तिथंच ऱ्हातो. धुतंय कोन त्येला?"

बाईंना मी कळवलं, 'गार पाण्यात हाताने हलकेच धुवावा, सावलीत वाळवावा.' त्या खूश झाल्या. माझा धंदा तो हाच. मामा जे बोलतात ते शहरातल्या माणसाला झेपेल असं करून लिहायचं, आणि शहरातला माणूस जे बोलतो ते मामांना सोसेल असं करून सांगायचं. मालाची ने-आण कुरियरवाला करतो. ही दुसरी ने-आण माझ्याकडे.

याआधी परभणीत स्टेशन रोडला माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. दाखले, पीक विमा, पोरापोरींच्या परीक्षा, जे म्हणाल ते. मग घरोघर मोबाईल आले आणि लोक आपले फॉर्म आपणच चुकीचे भरू लागले. दुकानात फक्त पासवर्ड विसरलेली माणसं येत, तीही अशा तोऱ्यात की जणू तो मीच लपवून ठेवलाय. आमचे हे कृषी विद्यापीठात नोकरीला. ते म्हणाले, "बंद कर आता, आराम कर." मी तापट आहे, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. आराम कर म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

त्याच सुमारास गंगाधरमामा कसलासा दाखला काढायला आले. सोबत एक पोतं. पोळ्याचा उरलेला माल, म्हणाले. मामा बोरीत बैलांचा साज बनवतात. शिंगांचे लोकरी गोंडे, गळ्यातल्या घुंगरमाळा, पाठीवरच्या झुली, नाकातल्या वेसणी. पूर्वी पोळ्याच्या आधी त्यांच्या दारात गर्दी मावायची नाही. आता गावात ट्रॅक्टर झाले, बैल थोडे उरले आणि पोतं दर साली जड होत चाललं. माझ्याकडे परीक्षेचा फॉर्म भरायला आलेल्या एका मुलीने त्या पोत्यातून दोन गोंडे उचलले, पैसे दिले आणि बाहेर जाऊन आपल्या स्कुटीच्या हँडलला बांधले. मामा दारातून बघत राहिले. मीही बघत राहिले, पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं.

सौदा असा ठरला की मामांनी बनवायचं, मी विकायचं, नफा अर्धा अर्धा. मी म्हटलं, "लिहून घेऊ का?" मामा म्हणाले, "लिवून घेतलं की भांडनं होतेत ताई." म्हणून लिहिलं नाही. भांडणं तरीही पुष्कळ झाली.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मालाचा फोटो काढायचा, चार ओळींची जाहिरात लिहायची आणि ॲपवर टाकायची. ऑर्डर आली की पेटी भरायची, पत्ता चिकटवायचा, कुरियरच्या हवाली करायची. इथपर्यंत कुणालाही जमतं. खरी परीक्षा परत आलेल्या मालाची. बोरीच्या बाजारात गिऱ्हाईक तासभर गोंडा दाबून बघतं, ओढून बघतं, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं, पण एकदा घेऊन गेलं की गेलं. ऑनलाइन गिऱ्हाईक अर्धा मिनिट बघून घेतं आणि आठवड्याने परत करतं. कारण काय, तर 'फोटोतल्यासारखा वाटला नाही'.

फोटोंची तर कथाच आहे. मामांचा हट्ट, की साज बैलाच्या अंगावरच दाखवायचा. त्यांच्या घरचा चांद्या नावाचा बैल अंगणात उभा केला. मी परभणीहून दिवे आणि पांढरा पडदा नेला होता. चांद्याने आधी दिव्याकडे बघून शिंगं हलवली, मग पडदा चावायला घेतला. कसेबसे चार फोटो मिळाले, ते टाकले. पहिल्याच महिन्यात एकाने तक्रार लिहिली की फोटोत दाखवलेलं सगळं पेटीत नव्हतं. साज तर सगळा गेला होता. राहिला होता तो बैल.

पुढे कळलं की पांढऱ्या भिंतीसमोर नुसता गोंडा ठेवला तर तो जास्त विकला जातो. बैल दिसला की लोकांना ती वस्तू आपल्यासाठी नाही असं वाटतं. मग चांद्याला कामावरून कमी केलं. मामांना याचं वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं. आमच्या दुकानात बैलाचं सगळं मिळतं, फक्त बैल कुठं दिसू द्यायचा नसतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एका गृहस्थांनी घाऊक वेसणी मागवल्या. मामा हरखले. एवढे बैल बाळगणारा माणूस शहरात आहे म्हणजे काय! थोड्या दिवसांनी त्या गृहस्थांनी कौतुकाने फोटो पाठवला. गच्चीत ओळीने कुंड्या टांगलेल्या आणि प्रत्येक कुंडीला आमची वेसण. मी तो मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ निरखला. "झाडाला येसन घातली," ते म्हणाले. "पळून जायलं व्हतं का?"

पण मला खरं बेजार केलं ते गिऱ्हाइकांनी नाही, मामांनीच. पहिली ऑर्डर नागपूरची होती, एक घुंगरमाळ. मामांनी पेटी भरून दिली, मी पाठवली. आठवड्याने निरोप आला, 'एक मागवली, दोन आल्या, असं कसं?' चुकून झालं असेल म्हणून मी माफी मागितली. दुसऱ्या ऑर्डरला तेच. तिसऱ्याला मी जिंतूरची बस धरली आणि बोरीला उतरून तडक मामांच्या ओसरीवर गेले.

"मामा, एक मागितली की एकच पाठवायची असते!"

"एक माळ कशी धाडू ताई? एक माळ म्हंजी एक बैल. दुसरा कुठं गेला?"

मग त्यांनी मला त्यांच्या घराची रीत सांगितली. बैल जोडीने असतो, म्हणून साजही जोडीनेच विकायचा. एक माळ मागायला कोण येतं? ज्याचा एक बैल मेलाय तो. त्यालाही मामांचे वडील दोनच माळा देत आणि सांगत, दुसरी जपून ठेव, नवा बैल आला की त्याला होईल. एकच विकली तर दुसरा खुंटा रिकामाच राहो असं आपण म्हटल्यासारखं होतं.

"अहो मामा, पण त्यांच्याकडे बैलच नाहीत!"

"न्हाईत ना? दोन्ही न्हाईत. मंग जोड मोडली कुठं?"

ॲपवाल्यांना मात्र जोडीचं काही पडलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी मागितल्यापेक्षा कमी पाठवलं काय नि जास्त पाठवलं काय, चूक ती चूक. 'आपल्या दुकानाची विश्वासार्हता घटली आहे' असा निरोप मोबाईलवर आला. जास्त माल दिला म्हणून विश्वास घटलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि तो माणूस मीच होते. पुण्याच्या एका बाईंनी तर जादा आलेली माळ स्वतःच्या खर्चाने परत पाठवली. किती प्रामाणिकपणा! मामांनी ती माळ खुंटीला अडकवली आणि कुणी मागितली तरी दिली नाही. हिची जोडीदार पुण्याला आहे, म्हणायचे.

शेवटी मी जाहिरात बदलली. एक नग विकायचाच नाही, सगळीकडे जोड लिहायचं. 'दाराच्या दोन्ही बाजूंना शोभेल असा गोंड्यांचा जोड.' किंमत दुप्पट झाल्यावर विक्री बसेल म्हणून मी धास्तावले होते. झालं उलटंच. शहरात दाराला दोन बाजू असतात हे लोकांना एकदम आठवलं असावं. माल धडाधड जाऊ लागला. मामा म्हणाले, "बगा, मी सांगत व्हतो." मी दात ओठ खात पुढची पेटी बांधायला घेतली.

आता कांताबद्दल सांगते. मामांकडे गावातल्या चार-पाच बायका कामाला येत, त्यात हिचा हात सगळ्यात चांगला. गोंडा कापताना ती कात्री एकदाच फिरवते आणि गोंडा चेंडूसारखा गोल होतो. नवऱ्याचं नाव बाळू. घरची जमीन थोडीशी आणि कोरडी, म्हणून दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जायची, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची. लग्न झाल्यापासून दर हिवाळा कारखान्याच्या माळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या झोपडीत.

एकदा गोंडे बांधता बांधता तिने मला विचारलं, "ताई, हे काम ऊस सरंस्तोर पुरल का?"

"का गं?"

"एक हिवाळा आपल्या घरात काढावा म्हनलं."

एवढंच बोलली आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागली. मला गलबलून आलं. मी काही समाजसेवा करणारी बाई नाही. पण जिने स्वतःचं घर कधी थंडीत पाहिलंच नाही, तिला काय सांगायचं? मी म्हटलं, बघते. आणि एकदा बघते म्हटलं की मी बघतेच.

पुण्याच्याच दुसऱ्या एक लग्नसजावटवाल्या बाई आमच्याकडून अधूनमधून माल घेत. त्यांच्या मी मागेच लागले. त्यांना लग्नाच्या हंगामभर, म्हणजे बरोबर ऊसतोडीच्या दिवसांत, गोंड्यांच्या माळा लागणार होत्या. फक्त एक अट होती. "तुमचे रंग फार गावठी आहेत हो. आम्हाला पेस्टल लागतील." गावठी म्हटल्यावर माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी कांताकडे बघून गिळलं. त्यांनी पाठवलेल्या रंगांचे फोटो मामांना दाखवले. फिका गुलाबी, फिका पिवळा, कसलासा फिका हिरवा.

मामांनी मोबाईल उजेडात धरला, तिरका केला. "ताई, हा रंग न्हाई. रंग उडून गेल्यावर उरतं ते हाय हे. आसला गोंडा बांधला तं लोकं बैलाची तब्येत इचारतेल."

ते काही हात लावायला तयार होईनात. मी चिडले, मामा अडून बसले आणि मामी आम्हा दोघांना चहा देऊन देऊन दमल्या. शेवटी कांताच म्हणाली, "मामा, तुमी बगू नका. मी घरी करते." मी परभणीहून फिकी लोकर आणून दिली. तिने आपल्या घरात बसून माळा केल्या, त्या मी पुण्याला धाडल्या, आणि बाईंचा होकार आला. ऑर्डर पक्की झाली. पण ती एका माणसाला हिवाळाभर पुरेल एवढीच होती. दोघांना पुरेल एवढी नव्हती. हे मी कांताला आणि बाळूला स्पष्ट सांगितलं, उगाच आशेला लावलं नाही.

म्हणजे कांताने राहायचं आणि बाळूने जायचं. इथंच गाडी अडली. ऊसतोडीत एकाने ऊस तोडायचा नि दुसऱ्याने मोळी बांधून डोक्यावरून वाहायची, म्हणून मजूर नेणारा मुकादम नवरा-बायकोची जोडीच धरतो. त्या जोडीला म्हणतात एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुणाला नको असतो.

देवगाव फाट्याकडचा मुकादम दसऱ्याच्या आधी बोरीला आला, तेव्हा मामांनी त्याला आपल्या ओसरीवर बसवलं. मीही मुद्दाम गेले होते. बाळू खांबाला टेकून उभा होता, कांता उंबऱ्याशी लोकर घेऊन बसली होती. मामा कळकळीने म्हणाले, "अवंदा बाळूला एकट्याला ने. पोरीला हितं काम हाय."

मुकादम मिशीत हसला. "मामा, तुमी सोता एक माळ इकत न्हाईत. आख्ख्या पंचक्रोशीला ठावं हाय. एक मागितली तरी दोन देता. आन मला म्हनता आर्धा कोयता ने? जोड मोडू नये, हे तुमीच सांगता ना?"

एवढ्या वर्षांत मी, माझा मोबाईल आणि ते अख्खं ॲप मिळून या माणसाला निरुत्तर करू शकलो नव्हतो. मुकादमाने एका चहात ते केलं. मी काहीतरी फाडकन बोलणार होते, तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"जोड बैलाची आसती मामा. आमी बैल हाव का?"

कांता कधी चारचौघांत बोलायची नाही. मुकादम हसायला लागला, पण कुणीच हसत नाही असं पाहून गप्प झाला. मामा जमिनीकडे बघत होते. मग बाळू खांबापासून सरला. "माझ्या भावाची बायकू बाळंतपनाला म्हायेरी जायलीय. त्यो बी आर्धाच हाय," तो मुकादमाला म्हणाला. "आमा दोघा भावांचा एक कोयता धर."

मुकादमाने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान डोलावली. त्याला पुरा कोयता मिळाल्याशी मतलब, आत कोण आहे याच्याशी नाही. मजुरांच्या गाड्या गेल्या त्या दिवशी कांता गावच्या फाट्यापर्यंत जाऊन आली. परत येताना रडत होती, असं मामी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तर नवे पडदे लावत होती.

तो हिवाळा आमचा धावपळीत गेला. पुण्याच्या बाई आज फिका गुलाबी म्हणायच्या, उद्या त्याहून फिका. कांता करत राहिली. मामा तिच्या घरावरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघत, पण पेट्या बांधायला यायचे. एकदा हळूच मला म्हणाले, "तेवढा पिवळा बरा दिसायलाय." माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं यश मी तेच समजते.

संक्रांतीच्या आठवड्यात कांताचा फोन आला. "ताई, माझ्या घरी हळदीकुंकू हाय. यायलाच लागतंय बरं का. लगीन झाल्यापून पयल्यांदा करायलेय." आवाजात इतका आनंद होता की मी त्या दिवसाची सगळी कामं सोडली. ठेवणीतली साडी नेसून बोरीला गेले.

कांताने अंगणात सडा घातला होता, रांगोळी काढली होती. तिळगुळाचा डबा भरलेला. वाण म्हणून उरलेल्या फिक्या लोकरीचे छोटे छोटे गोंडे केलेले, परडीभर. गल्लीतल्या प्रत्येक बाईला एक, असा तिचा अंदाज. मामी आल्या, मी होते, शेजारच्या दोन म्हाताऱ्या काठी टेकत आल्या. कांताने त्या म्हाताऱ्यांच्या कपाळाकडे न बघता त्यांनाही वाण दिलं. मग आम्ही वाट बघत बसलो. कांता पुन्हा पुन्हा दारात जाऊन गल्लीत डोकावत होती. कुणी येईना.

मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. समोरच्या घराला कुलूप. त्याच्या पलीकडच्या घराला कुलूप. पार मारुतीच्या पारापर्यंत ज्या दाराकडे बघावं त्याला कुलूप. कुठं एखादी शेळी, कुठं उन्हात बसलेला एखादा म्हातारा. सगळ्या बाया उसात.

"कुलपं रोजच दिसत व्हती ताई, पन सनाला तरी कुनी यील वाटलं," कांता म्हणाली. "मी कवा हितं व्हते? मी गल्ली बगितली ती पोळ्याला. भरलेली."

तिने परडीकडे पाहिलं. मग हळदीकुंकवाची कोयरी उचलली, परडी माझ्या हातात दिली आणि पहिल्या बंद दारासमोर जाऊन उभी राहिली. चौकटीला हळदीकुंकवाची बोटं लावली, कडीला एक गोंडा बांधला. मग पुढचं दार. मी परडी धरून मागे मागे चालत होते. प्रत्येक दाराशी ती त्या घरातल्या बाईचं नाव घ्यायची. "ही संगीताची. ही वंदनाची. हिला ह्यो पिवळा बांधू, हिला पिवळा आवडतो."

गल्लीच्या टोकाला परडी रिकामी झाली. तिने पदराने हात पुसले आणि माझ्याकडे वळली. डोळे भरले होते, पण आवाज चांगला खणखणीत होता, कामाचा माल कमी पडला की काढते तसा.

"पुढल्या साली आर्डर मोठी आना ताई. कुलपाला कुकू लावायला न्हाई बरं वाटत."